घरातील फाइल सर्व्हरला गिगाबिटच्या पुढे न्यायचे आहे: जुनी केबल ठेवावी की नवी ओढावी?

मैफल_चित्रण (लोकमान्य नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. मी घरूनच नाट्यप्रयोगांच्या आणि शास्त्रीय संगीताच्या मैफलींच्या चित्रीकरणाचे संकलन करतो. तळमजल्यावर जिन्याखालच्या कोनाड्यात एक फाइल सर्व्हर ठेवलेला आहे. त्यात आठ टेराबाइटच्या चार हार्ड डिस्क दोन मिरर जोड्यांत लावल्या आहेत आणि रॅम ३२ गिगाबाइट आहे. संकलनाचा संगणक दुसऱ्या मजल्यावर, गच्चीला लागून असलेल्या खोलीत आहे. घर जुने असल्यामुळे भिंतीतून जागा मिळाली नाही, म्हणून दोहोंमधील केबल बाहेरच्या भिंतीवरून पीव्हीसी पाइपातून वर नेलेली आहे. तिची लांबी अंदाजे २५ मीटर असेल. राउटर, स्विच आणि दोन्ही संगणकांचे लॅन पोर्ट, सर्व काही गिगाबिटचे आहे.

दीड तासाची मैफल तीन कॅमेऱ्यांनी टिपली की साहित्य ४०० गिगाबाइटच्या घरात जाते. ते सर्व्हरवर चढवताना वेग प्रति सेकंद ११२ मेगाबाइटवर येऊन थांबतो, म्हणजे कॉपी पूर्ण व्हायला तास लागतो. तेवढ्या वेळात सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन परत येता येते हे खरे असले, तरी सकाळी काम द्यायचे असेल तेव्हा हा तास फार जड जातो. त्याहून मोठी अडचण अशी की, सर्व्हरवरील फाइली तशाच उघडून संकलन करू लागलो की तिन्ही कॅमेऱ्यांची चित्रे एकदम चालवताना अडखळतात.

माझ्यापुढे २.५ गिगाबिट आणि १० गिगाबिट असे दोन मार्ग आहेत. इथल्या एका दुकानदाराने १० गिगाबिटसाठी ‘कॅट ७’ केबलच हवी असे सांगितले. एका मित्राचे म्हणणे असे की, सर्व्हरला दुसरे लॅन कार्ड लावून दोन्ही पोर्ट एकत्र बांधले की वेग आपोआप दुप्पट होईल. एकूण खर्च वीस हजारांच्या आत राहावा. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो: गेल्या पावसाळ्यात जवळच वीज पडली तेव्हा स्विचचा जो पोर्ट या बाहेरच्या केबलला जोडलेला होता, नेमका तोच गेला. तरी जाणकारांनी सल्ला द्यावा.

---

रामबाग_सर्व्हर

आपल्या प्रश्नात दोन स्वतंत्र दुखणी एकत्र आली आहेत आणि दोन्हींवरचे औषध एकच असेल असे गृहीत धरले गेले आहे. ती आधी वेगळी करू.

कॉपीचा वेग हे पहिले दुखणे. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. त्यातून प्रत्येक फ्रेमची (म्हणजे जाळ्यावरून जाणाऱ्या डेटाच्या पुडक्याची) वेष्टने वजा केली की प्रत्यक्ष फाइलीच्या वाट्याला जास्तीत जास्त ११८ उरतात. आपल्याला ११२ मिळत आहेत, म्हणजे आपले जाळे निरोगी आहे आणि काठोकाठ भरलेले आहे. इथे रुंद रस्त्याचा फायदा होईल, पण किती होईल हे डिस्कवर अवलंबून आहे. दोन मिरर जोड्यांवर लिहिताना प्रत्यक्षात दोनच डिस्कचा वेग मिळतो, कारण जोडीतील दुसरी डिस्क तीच प्रत लिहीत असते. ७,२०० फेऱ्यांची आधुनिक डिस्क बाहेरच्या कडेला २०० ते २५० मेगाबाइट देते आणि भरत भरत आतल्या कडेला गेली की त्याच्या जवळपास निम्म्यावर येते. म्हणून एकूण ४०० धरणे हा उदार अंदाज झाला. आता हिशेब पाहा: गिगाबिटवर आपले ४०० गिगाबाइट एका तासात जातात, २.५ गिगाबिटवर सेकंदाला २८० मेगाबाइट मिळाले तर २४ मिनिटांत जातील. १० गिगाबिटवर डिस्कच ४०० ला अडवणार असल्याने १७ मिनिटे लागतील. पहिल्या पायरीने ३६ मिनिटे वाचतात आणि दुसरीने जेमतेम सात. नुसत्या कॉपीसाठी १० गिगाबिट घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

अडखळणारे चित्र हे दुसरे दुखणे, आणि त्याचा संबंध जाळ्याशी असेलच असे नाही. कॅमेऱ्याचा बिटरेट पाहावा. प्रत्येक कॅमेरा ४०० मेगाबिटने टिपत असेल, तर तिघांचे मिळून १,२०० होतात आणि ते गिगाबिटच्या नळीत मावणारच नाहीत. पण आपणच दिलेल्या आकड्यांवरून, म्हणजे दीड तासात ४०० गिगाबाइट, प्रत्येकी २०० मेगाबिटच्या आसपास हिशेब येतो. तिघांचे ६०० झाले, म्हणजे नळी अर्ध्याहून थोडी अधिक भरली. मग अडखळते कुठे? हार्ड डिस्कचे हेड तीन वेगवेगळ्या फाइलींमध्ये सतत उड्या मारत राहते आणि संकलनात आपण वरचेवर मागे-पुढे सरकता तेव्हा तर विचारायलाच नको. हेड एका ठिकाणाहून दुसरीकडे जाऊन योग्य जागेवर टेकायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. हा उशीर १० गिगाबिटनेही कमी होणार नाही. तो एसएसडीने जाईल.

तेव्हा खरेदीआधी एवढे तपासावे. दोन्ही संगणकांवर आयपर्फ ३ हा प्रोग्राम चालवून नुसत्या जाळ्याचा वेग मोजावा. सर्व्हरवर बसूनच, जाळ्याला वगळून, डिस्कचा वाचण्या-लिहिण्याचा वेग मोजावा. तो मोजताना रॅमहून कितीतरी मोठी फाइल घ्यावी, कारण ३२ गिगाबाइट रॅम असलेला सर्व्हर नुकतीच वाचलेली फाइल दुसऱ्यांदा डिस्कवरून आणतच नाही. तो ती रॅममधून देतो आणि आपल्याला भलताच सुखद आकडा दिसतो. शून्यांनी भरलेली फाइलही वापरू नये, कारण कॉम्प्रेशन चालू असेल तर ती डिस्कवर जवळपास पोचतच नाही.

पोर्ट एकत्र बांधण्याबद्दल: एलएसीपी या बांधणीच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक संवाद दोनपैकी एकाच तारेवर सोडला जातो. चार जण एकाच वेळी सर्व्हर वापरत असतील तर वाटणी होते. एकटा माणूस एक फाइल कॉपी करत असेल तर वेग पूर्वीइतकाच राहतो. एसएमबी मल्टिचॅनल ही (एसएमबी या फोल्डर-वाटपाच्या पद्धतीतली) निराळी सोय आहे आणि ती एकच कॉपी दोन तारांवर खरोखर वाटू शकते. विंडोजमध्ये ती विंडोज ८ पासून आहे आणि सांबा या, लिनक्सवर तेच वाटप करणाऱ्या प्रोग्रामच्या ४.१५ आवृत्तीपासून लिनक्सवर ती मुळातच चालू असते. परंतु त्यासाठी वरपर्यंत दुसरी केबल न्यावी लागेल, आणि दुसरी केबल ओढायचीच असेल तर ती गिगाबिटसाठी कशाला ओढायची?

---

पाइप_आणि_तार

वरचा हिशेब पटला. मी फक्त भिंतीवरच्या केबलीबद्दल लिहितो, कारण माझे रोजचे काम तेच आहे आणि आपल्या प्रश्नाचा निकाल माझ्या मते तिथेच लागणार आहे.

‘कॅट ७’चा विषय पहिल्यांदा संपवू. १० गिगाबिटचे तांब्याच्या तारेवरचे मानक २००६ मध्ये आले. त्यानुसार कॅट ६ए वर १०० मीटर आणि साध्या कॅट ६ वर, शेजारच्या केबलींचा उपद्रव नसेल तर, ५५ मीटरपर्यंत ते चालते. आपले अंतर २५ मीटर आहे. कॅट ७ ही श्रेणी अमेरिकी टीआयए मानकात नाहीच, आणि आंतरराष्ट्रीय मानकात जी आहे तिच्यासाठी आरजे-४५ (लॅनचा नेहमीचा प्लग) याहून वेगळे कनेक्टर सांगितलेले आहेत. बाजारात आरजे-४५ लावून ‘कॅट ७’ म्हणून जे विकले जाते, त्यावर जास्तीचे पैसे घालू नयेत. २.५ गिगाबिटचे मानक २०१६ मध्ये आले ते मुळी जुन्या कॅट ५ई तारा भिंतीत तशाच ठेवून वेग वाढवता यावा म्हणूनच, आणि त्या तारांवर ते १०० मीटरपर्यंत चालायला हवे.

‘चालायला हवे’ असे म्हणतो, कारण आपली केबल खरी कॅट ५ई आहे का, हे पाहिले पाहिजे. आपल्याकडे स्वस्त केबल म्हणून जी विकली जाते तिच्यात पुष्कळदा ॲल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. तिला सीसीए म्हणतात आणि खोक्यावर काहीही छापलेले असले तरी कोणत्याही कॅट श्रेणीच्या मानकात ती बसत नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे. टोकाकडची दोन-तीन इंच केबल कापून घ्या, एका तारेवरचे रंगीत प्लास्टिक काढा आणि ब्लेडने तारेचा पृष्ठभाग हलकेच खरवडा. आतूनही लालसरच निघाली तर तांबे. चांदीसारखी पांढुरकी निघाली तर ॲल्युमिनिअम. ही तार एकाच ठिकाणी मागे-पुढे वाकवली तर पटकन तुटते, हीदेखील एक खूण. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि क्रिम्प केलेले, म्हणजे दाबून बसवलेले, जोड कालांतराने सैल पडतात. गिगाबिटवर ती रडतखडत चालते. त्यापुढे तिच्यावर विसंबू नये.

शिवाय ती केबल उन्हात आहे. घरात वापरायच्या केबलीचे पीव्हीसी वेष्टन उन्हाने कडक होऊन तडकते, आणि पाइपाच्या वरच्या तोंडातून पावसाचे पाणी आत गेले की ते वेष्टनाच्या आतून खालपर्यंत उतरते.

आता विजेबद्दल. घराबाहेरून दोन मजले उभी जाणारी तांब्याची तार जवळ पडलेल्या विजेचा झटका टिपून घेते. तार बदलून कॅट ६ए घातली तरी पुढच्या आषाढात तोच पोर्ट पुन्हा जाऊ शकतो, आणि १० गिगाबिटचा पोर्ट जाणे खिशाला अधिक लागते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: बाहेरून जायचे असेल तर काच न्यावी. ऑप्टिकल फायबरमधून वीज वाहत नाही.

फायबर म्हटले की लोक बिचकतात. त्याचे खरे तर कारण उरलेले नाही, कारण इंदुरात घरोघरी फायबरचे इंटरनेट देणारी मुले स्प्लायसिंगचे (काचेचे धागे वितळवून जोडण्याचे) यंत्र पाठीवर टाकून फिरत असतात. त्यांच्याकडे सिंगल-मोड काच असते. आपणही तीच घ्यावी, म्हणजे जोड द्यायला किंवा दुरुस्तीला माणूस शोधत बसावे लागत नाही. त्यांच्या केबलीतील जी.६५७ प्रकारची काच बऱ्यापैकी वळण सहन करते. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. त्यांच्या चपट्या काळ्या केबलीत बहुधा आधाराला पोलादी तार असते. ती बाहेरून वर नेली तर विजेला पुन्हा वाट करून दिल्यासारखे होईल, म्हणून आधार एफआरपीचा, म्हणजे धातू नसलेला, मागून घ्यावा. दुसरे असे की, घरच्या इंटरनेटला बहुधा हिरव्या रंगाचा एससी कनेक्टर असतो आणि त्याचे टोक तिरके घासलेले असते. एसएफपी प्लस मोड्यूलला, म्हणजे कार्डाच्या किंवा स्विचच्या १० गिगाबिट खाचेत बसून फायबर जोडणाऱ्या तुकड्याला, सरळ टोकाचा निळा एलसी लागतो. हिरवा आणि निळा एकमेकांना भिडवू नयेत, जोडणी झाली तरी प्रकाश वाया जातो. तिसरी गोष्ट धुळीची: टोपण काढून ठेवलेल्या टोकावर बसलेला एक कणही पुरतो, म्हणून मोड्यूलमध्ये घालण्याच्या क्षणापर्यंत टोपण काढू नये.

मोड्यूल १० गिगाबिटचे एलआर प्रकारचे घ्यावे. ते दहा किलोमीटरसाठी बनवलेले असले, तरी पंचवीस मीटरवरही व्यवस्थित चालते. एकाच धाग्यावर दोन्ही दिशा चालवणारी बायडी मोड्यूलेही मिळतात. ती १,२७० आणि १,३३० नॅनोमीटरची अशी उलटसुलट जोडीनेच घ्यावी लागतात.

---

मैफल_चित्रण

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. आयपर्फ ३ वर ९४१ मेगाबिट येतात. सर्व्हरवर बसून २०० गिगाबाइटची फाइल लिहिली तेव्हा सरासरी ३९० मेगाबाइट आणि वाचताना ४५० च्या आसपास वेग मिळाला. तिन्ही कॅमेरे २०० मेगाबिटवरच आहेत, म्हणजे हिशेब अगदी बरोबर होता. तीनही चित्रे चालवताना संगणकावर जाळ्याचा आलेख अर्ध्यावरच रेंगाळतो आणि सर्व्हरच्या डिस्क मात्र कुरकुरत असतात.

केबल खरवडली. वरचा लालसर थर निघून गेला आणि आत पांढुरकी तार दिसली. वेष्टनावर ‘कॅट ६’ असे ठळक छापलेले आहे.

सर्व्हरच्या मदरबोर्डावर एक लांब स्लॉट मोकळा आहे, पण माहितीपुस्तिकेत तो पीसीआयई ३.० चा चार लेनचाच (लेन म्हणजे डेटा जाण्याची वाट) असल्याचे लिहिले आहे. शिवाय एक छोटा एक लेनचा स्लॉट आणि एनव्हीएमईसाठी (थेट मदरबोर्डावर बसणाऱ्या वेगवान एसएसडीसाठी) एक रिकामी जागा आहे. वरच्या संगणकात लांब स्लॉट आहे. बाजारात सर्व्हरमधून काढलेली जुनी एसएफपी प्लस कार्डे स्वस्तात दिसतात, ती घ्यावीत का? आणि दोनच यंत्रे जोडायची असल्याने, स्विच न घेता कार्डाला कार्ड थेट जोडले तर पैसे वाचतील का?

---

अडीच_पुरे

मी थोडे वेगळे मत मांडतो. जुनी कार्डे मोठ्या सर्व्हरच्या जोरदार पंख्यांसमोर चालण्यासाठी बनवलेली असतात. जिन्याखालच्या कोनाड्यात मे महिन्यात, बाहेर ४२-४३ अंश असताना, त्यांच्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) बोट लावून पाहावे. २.५ गिगाबिटचे साधे रिअलटेक कार्ड एका लेनच्या स्लॉटमध्ये बसते, थंड राहते आणि नवे, वॉरंटीसह मिळते. २४ आणि १७ मिनिटांतल्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला? केबल सीसीए आहे तर ती बदलावी, चांगली पूर्ण तांब्याची बाहेरच्या वापराची कॅट ६ घालावी, दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावून त्यांना नीट अर्थिंग द्यावे आणि मोकळे व्हावे.

---

रामबाग_सर्व्हर

‘अडीच_पुरे’ यांचा उष्णतेचा मुद्दा बिनतोड आहे आणि डिस्क आहेत तशाच राहणार असत्या तर मी त्यांच्याच बाजूने उभा राहिलो असतो. पण इथे चित्र अडखळण्यावर उपाय म्हणून सर्व्हरच्या रिकाम्या जागेत एक-दोन टेराबाइटची एनव्हीएमई बसवावीच लागेल: चालू काम तिच्यावर, आणि काम संपले की रात्री ते आपोआप हार्ड डिस्कवर हलवायचे. ती बसवली की साठवणीची अडचण दूर होते आणि २.५ गिगाबिटचे जाळे पुन्हा अडसर ठरते. तेव्हा वर चढवायचे ४०० गिगाबाइट १० गिगाबिटवर दहा मिनिटांच्या आत उतरू शकतात. मात्र स्वस्त एनव्हीएमई बराच वेळ सलग लिहीत राहिली की तिची वेगवान कॅशे (तात्पुरती जागा) भरते आणि वेग कोसळतो, हे पाहून घ्यावे. आणि केबल नव्याने ओढावी लागणारच आहे, म्हणून मजुरी दोन्हीकडे तीच.

कार्डाबद्दल: इंटेलचे एक्स५२० हे पीसीआयई २.० चे आठ लेनचे कार्ड आहे. चार लेनच्या स्लॉटमध्ये त्याला सेकंदाला २,००० मेगाबाइटची वाट मिळते आणि एका पोर्टला १,२५० लागतात, म्हणून चालेल. एका लेनच्या छोट्या स्लॉटमध्ये ते घालण्याचा विचार करू नये. हे कार्ड परक्या कंपनीचे मोड्यूल सहसा नाकारते. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये ते स्वीकारायला लावण्याचा पर्याय आहे, पण वरच्या विंडोज संगणकासाठी आपल्या आवृत्तीचा ड्रायव्हर मिळतो का आणि मोड्यूल जुळते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. बाजारात नकली इंटेल कार्डेही पुष्कळ आहेत. कार्डाच्या हीटसिंकसमोर एक छोटा पंखा बांधावा आणि कोनाड्याच्या दाराला वर-खाली जाळी ठेवावी. एसएफपी प्लसमध्ये घालायचे आरजे-४५ चे मोड्यूल मात्र या जागेत नकोच, कारण फायबरच्या मोड्यूलपेक्षा ते कितीतरी अधिक तापते.

थेट जोडणी करता येते. दोन्ही कार्डांना १०.१०.१०.१ आणि १०.१०.१०.२ असे घरच्या जाळ्याहून वेगळे पत्ते द्यावेत, गेटवे रिकामा सोडावा आणि वरच्या संगणकावर सर्व्हरचे फोल्डर याच पत्त्याने जोडावे. जम्बो फ्रेमच्या, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पुडक्यांच्या, मागे लागू नये. दोन्हीकडे एमटीयू (पुडक्याचा कमाल आकार) तंतोतंत जुळले नाही तर पिंग चालते, फोल्डरची यादीही दिसते आणि मोठी फाइल मात्र मध्येच लटकते, मग कारण शोधता शोधता नाकी नऊ येतात. आजचा प्रोसेसर साध्या १,५०० च्या फ्रेमवरही १० गिगाबिट पेलतो.

---

पाइप_आणि_तार

थेट जोडणीला माझी एक हरकत आहे. वरच्या संगणकाला इंटरनेट कुठून मिळणार? कार्डाला कार्ड जोडले तर इंटरनेटसाठी जुनी तांब्याची तार लागलेलीच राहील, आणि मग फायबर घालूनही विजेची वाट उघडीच राहिली. सर्ज प्रोटेक्टरचा उपाय चुकीचा नाही, परंतु त्याची सारी मदार चांगल्या अर्थिंगवर असते आणि जुन्या घरांत नेमके तेच खात्रीचे नसते.

म्हणून दोन एसएफपी प्लस आणि चार-पाच २.५ गिगाबिट पोर्ट असलेला लहान, बिनपंख्याचा स्विच तळमजल्यावर घ्यावा. सर्व्हर त्याला एक मीटरच्या डीएसी केबलने (दोन्ही टोकांना एसएफपी प्लसचे प्लग बसवलेल्या तांब्याच्या तारेने) जोडावा. ती फायबरच्या दोन मोड्यूलांपेक्षा स्वस्त पडते आणि जवळजवळ तापत नाही. दुसऱ्या एसएफपी प्लस पोर्टातून फायबर वर जाईल, राउटर साध्या पोर्टाला लागेल, आणि वरच्या संगणकाला सर्व्हर व इंटरनेट दोन्ही त्या एकाच काचेवरून मिळतील. वेगळे पत्ते देण्याची गरजही मग उरत नाही. घरातल्या बाकीच्या यंत्रांना गिगाबिट आहे ते पुरे. टीव्हीला १० गिगाबिट देऊन चित्र काही अधिक सुंदर दिसत नाही.

फायबर ओढताना कनेक्टर लावलेली तयार केबल आणू नये. पाइपाच्या बाकांत डोके अडकते. नुसती केबल ओढून दोन्ही टोकांना पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेले फायबरचे तुकडे) स्प्लाइस करून घ्यावेत आणि दोन्हीकडे मीटरभर केबल वळे करून राखून ठेवावी. जुनी तार ओढदोरी म्हणून वापरता येईल, पण ती उन्हाने कडक झालेली असल्याने तिच्याबरोबर आधी नायलॉनची दोरी वर न्यावी आणि फायबर त्या दोरीने ओढावे. दोरी केबलीच्या आतल्या पिवळ्या अरामिड धाग्यांना आणि एफआरपीला बांधावी. नुसत्या वेष्टनावर ताण दिला तर ते ताणले जाते आणि आतली काच दुखावते. पाइपाचे वरचे तोंड खाली वळवलेले बेंड लावून बंद करावे.

आणि गच्चीवर कॅमेरा असेल तर त्याची तारही खालच्या स्विचला येते का, ते पाहावे. येत असेल तर तिलाही वेगळी वाट काढून द्यावी लागेल.